सक्शनवालं कप्प्यांचं स्टीलचं ताट: न जेवणाऱ्या मुलांसाठी घ्यावं का?

आधीच सांगते, हे ताट आणलं की मूल जेवायला लागतं असं कोणी म्हणत असेल तर अजिबात विश्वास ठेवू नका. खोक्यावर 'पिकी ईटर्ससाठी खास' असं छापलेलं असतं, त्यात काही अर्थ नाही. तरी मी या ताटाला पाचपैकी चार स्टार देईन, आणि का ते नीट सांगायचंय म्हणून एवढं लांबलचक लिहितेय, कारण ऑनलाइन रिव्ह्यू वाचायला गेलं तर बहुतेक सगळे "छान आहे, बाळाला आवडलं" एवढ्यावरच संपतात आणि जिच्या घरी रोज दोन्ही वेळा जेवणावरून रडारड आहे तिला त्यातून काहीच कळत नाही.

ब्रँडचं नाव लिहीत नाही कारण अगदी हाच साचा चार-पाच नावांनी विकतात, फक्त खालच्या सिलिकॉनचा रंग वेगळा. गोल ताट आहे, तीन कप्पे, एक मोठा आणि दोन छोटे. खाली सिलिकॉनचा बेस जो फरशीला किंवा टेबलाला चिकटतो आणि धुताना काढता येतो. वर सिलिकॉनचंच झाकण. मला साडेसहाशेच्या आसपास पडलं, सेलमध्ये थोडं कमी होतं.

लेक सव्वातीन वर्षांची आहे. वर्षाची होईपर्यंत सगळं खायची, नाचणीची पेज, मुगाची खिचडी, उकडलेलं रताळं, लाल भोपळा, काही नाही म्हणायची नाही. दीड वर्षानंतर एकेक पदार्थ गळायला लागला आणि शेवटी उरलं काय तर दहीभात, तूपसाखर पोळी, डोसा, केळं, बिस्किट आणि बटाट्याची भाजी, ती पण पिवळीच, लाल तिखटाचा रंग दिसला की बंद. वरणभात चालतो पण वरणात कोथिंबिरीचं एक पान दिसलं तरी ताट ढकलणार. आणि सगळ्यात अवघड म्हणजे एकाला एक लागलेलं चालत नाही. भाजीचं पाणी भाताला टेकलं की तो भात संपला, मग त्यातला कोरडा भात वेगळा काढून दिला तरी हात लावत नाही, नवीन भात पाहिजे.

ही शेवटची गोष्ट ज्यांच्या घरी आहे त्यांच्यासाठीच हे ताट आहे. बाकीच्यांना त्याचा तेवढा उपयोग नाही.

खरं तर आपल्याकडे ताट वाढायची पद्धतच अशी आहे की प्रत्येकाची जागा ठरलेली. वर मधोमध मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, आमटीची वाटी, समोर भात. मोठ्यांच्या ताटात सगळं आपापल्या जागी राहतं. पण लहान मुलाला आपण काय करतो, एका वाटीत वरणभात कालवतो, त्यातच भाजी कुस्करतो, वर तूप, आणि भरवतो. वर्षाच्या बाळाला ते ठीक आहे. तीन वर्षांच्या मुलाला त्या काल्यात काय काय आहे ते दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याची त्याला भीती वाटते. कप्प्यांच्या ताटात भात भाताच्या जागी, भाजी भाजीच्या जागी, आणि मधली भिंत उंच असली तर रस्सा तिकडे जात नाही. आमच्या घरातली निम्मी रडारड एवढ्यानेच थांबली.

आता भिंतीबद्दल. हा भाग खरेदी करताना कोणीच बघत नाही आणि सगळ्यात महत्त्वाचा तोच आहे. काही ताटांच्या कडा उतरत्या असतात, बशीसारख्या. त्यात मूल स्वतः चमच्याने भात घ्यायला गेलं की शितं चमच्यापुढे सरकत सरकत कडेवरून बाहेर पडतात, चमचा रिकामाच तोंडाकडे जातो आणि दोन-तीनदा असं झालं की मूल वैतागून चमचा टाकतं. आपल्याला वाटतं जेवायला नको म्हणतेय, पण तिला ते जमत नसतं. या ताटाची बाहेरची कड जवळजवळ सरळ उभी आहे, दोन-अडीच सेंटिमीटर तरी असेल, त्यामुळे चमचा कडेला टेकवला की भात आपोआप चमच्यात चढतो. लेक पहिल्यांदा वरणभात स्वतः चमच्याने खायला शिकली ती याच ताटात. पोळीचा तुकडा करून भाजी उचलणं मात्र अजून जमत नाही, त्यासाठी आम्ही पोळीचा रोल देतो, भाजी बाजूला.

सक्शनचं म्हणाल तर ते जमिनीवर अवलंबून आहे. आम्ही खाली बसून जेवतो. हॉलमधल्या गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्सवर ताट असं घट्ट बसतं की मला पण बेसची जीभ, म्हणजे ओढायची पट्टी, ओढल्याशिवाय उचलता येत नाही. माहेरी जुन्या घरात शहाबादी फरशी आहे, तिथे क्षणभर पण चिकटत नाही. लाकडी पाटावर, चौरंगावर नाही. ग्रॅनाइटच्या ओट्यावर आणि काचेच्या टेबलावर चांगलं चिकटतं, खडबडीत सनमायकावर चिकटल्यासारखं वाटतं आणि पाच मिनिटांत सुटतं. चिकटवण्याआधी बेसला ओलं बोट फिरवायचं आणि मधोमध दाबायचं, कोरडं ठेवलं तर पकड कमी येते. ताट ढकलून देण्याची सवय असलेल्या मुलासाठी हे खूप कामाचं आहे, कारण ढकललेलं ताट, सांडलेलं वरण, पुसायची घाई आणि आपला चढलेला आवाज ही सगळी साखळीच तुटते.

स्टीलच का, तर प्लॅस्टिकची आणि मेलामाइनची कार्टूनवाली ताटं दिसायला गोड असतात पण गरम आणि आंबट पदार्थ वाढले की मेलामाइन अन्नात उतरायचं प्रमाण वाढतं, आणि आपलं जेवण गरम आणि आंबटच असतं, टोमॅटोचं सार काय किंवा चिंचगुळाची आमटी काय. शिवाय हळदीने ती पिवळी पडतात ती कायमची. पूर्ण सिलिकॉनचं ताट पण बघितलं होतं मैत्रिणीकडे, त्याला साबणाचा आणि फोडणीचा वास धरतो, आणि वासावरून जेवण नाकारणाऱ्या मुलासमोर तसं ताट ठेवणं म्हणजे झालंच. स्टीलला वास राहत नाही. खरेदी करताना तळाला ३०४ असा शिक्का बघा, म्हणजे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. स्वस्त ताटं बऱ्याचदा २०२ ची असतात, त्यात निकेल कमी आणि मँगनीज जास्त, कालांतराने डाग पडतात. लोक लोहचुंबक लावून बघतात पण त्याने हे ओळखता येत नाही, २०२ ला पण चुंबक धड चिकटत नाही.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे कप्प्यांचा आकार. दोन छोटे कप्पे एवढुसे आहेत की त्यात दोन-तीन चमचेच भाजी मावते. रिव्ह्यूमध्ये काही लोकांनी याबद्दल तक्रार केलीय की कप्पे फार लहान आहेत. मला तर हाच या ताटाचा सगळ्यात मोठा गुण वाटतो. लहान मुलाला भाजी किती वाढायची याचा एक साधा हिशोब आहे, जेवढी वर्षं तेवढे मोठे चमचे. तीन वर्षांच्या मुलाला तीन चमचे भाजी म्हणजे पूर्ण वाढप. आपण वाढतो वाटीभर, आणि मग अर्धी वाटी राहिली की "काहीच खाल्लं नाही" म्हणून हळहळतो.

आमच्या मुलांच्या डॉक्टरांनी हे फार छान समजावलं होतं. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या तिप्पट होतं. दुसऱ्या वर्षात साधारण दोन-अडीच किलोच वाढतं आणि पुढे वर्षाला दोनेक किलो. वाढच मंदावते तर भूक पण कमी होणारच. त्यात दोन वर्षांच्या आसपास नवीन पदार्थाची भीती सुरू होते, ती पाच-सहा वर्षांपर्यंत राहू शकते, आणि ती बहुतेक मुलांमध्ये कमी-जास्त असतेच. मूल हट्टी आहे किंवा आईने लाडावून ठेवलंय असं काही नसतं. हे वाक्य मला घरातल्या सगळ्यांना ऐकवावंसं वाटलं होतं.

सासूबाई पहिल्या दिवशी ताट बघून म्हणाल्या, "अगं एवढीशी भाजी काय वाढतेस, चिमणीला घातल्यासारखी." मी म्हटलं, "आई, तिने मागितलं तर अजून वाढूया ना, पण आधी एवढंच ठेवू." त्यांना ते पटलं नव्हतं आणि त्यांचं पण चूक नाही, त्यांनी तीन मुलं चिऊचा घास काऊचा घास करत वाढवलीत, पोराचं पोट भरलं नाही तर त्यांना स्वतःला जेवण जात नाही. पण लेकीने त्या एवढ्याशा कप्प्यातलं दोडक्याची एक फोड उचलून चाटली, आणि नंतर एकदा रिकामा कप्पा दाखवून "आजी अजून" म्हणाली, तेव्हापासून आई स्वतःच वाढताना चमचा मोजतात. भरलेल्या ताटातून मागायची वेळच येत नाही हो मुलांवर, त्यामुळे मागण्यात काय मजा असते तेच त्यांना कळत नाही.

आम्ही तिसरा कप्पा वेगळ्याच कामाला लावला, आणि ज्यांनी हे ताट घेतलंय त्यांनी हे नक्की करून बघा. एका छोट्या कप्प्यात भाजी. दुसरा रिकामा, त्याचं नाव 'नकोचा कप्पा'. जे नको असेल ते त्यात ठेवायचं. कोथिंबिरीचं पान सापडलं, ठेव त्यात. मोहरी लागली, ठेव. तोंडात घेतलं आणि आवडलं नाही, काढ आणि ठेव. ओरडायचं नाही, थुंकलीस का म्हणायचं नाही. ऐकायला विचित्र वाटेल पण याने खूप फरक पडला, कारण तोंडात घेतलेलं गिळावंच लागणार ही भीती गेली की मूल तोंडात घ्यायला तयार होतं. मी समोर बसून बघितलंय, दुधीची फोड आधी बोटाच्या टोकाने दाबून बघते, मग नाकाजवळ नेते, मग जिभेचं टोक लावते, तोंड वाकडं करते, आणि नकोच्या कप्प्यात ठेवते. पूर्वी मी याला 'खाल्लं नाही' म्हटलं असतं. पण बघणं, हात लावणं, वास घेणं, चाटणं, चावून थुंकणं ह्या सगळ्या खाण्याच्याच पायऱ्या आहेत. एखादा नवीन पदार्थ मुलाने स्वीकारायला आठ ते पंधरा वेळा समोर यावा लागतो असं अभ्यासात दिसलंय, आणि आपण बहुतेक तीन वेळा नाही म्हटलं की "तिला दुधी आवडत नाही" असं जाहीर करून तो बंद करतो. दुधी आता ती खाते, पण फक्त चण्याची डाळ घातलेला. पालक अजून नकोच्या कप्प्यातच जातो आणि मी तरी ठेवतेच.

एलिन सॅटर नावाच्या अमेरिकन आहारतज्ज्ञांनी १९८० च्या दशकात एक विभागणी मांडली, ती डॉक्टरांनी मला कागदावर लिहून दिली होती. काय वाढायचं, कधी वाढायचं, कुठे बसून जेवायचं हे मोठ्यांनी ठरवायचं. खायचं का आणि किती खायचं हे मुलाने. बस एवढंच. वाचायला सोपं आहे पण आपल्या घरात करायला फार कठीण, कारण आपल्याकडे 'किती' हे आजी, आजोबा, काकू, शेजारच्या मावशी सगळे मिळून ठरवतात. ताटाने इथे मदत केली कारण कोणी काय ठरवायचं ते डोळ्यांना दिसतं. आम्ही वाढलं, आमचं काम झालं. आता तिचं काम.

मात्र तीन गोष्टी सांभाळल्या नाहीत तर हेच काय, चांदीचं ताट आणलं तरी उपयोग नाही.

एक म्हणजे दूध. जेवत नाही म्हणून दूध वाढवायचं आणि दुधाने पोट भरलं म्हणून जेवत नाही, हे चक्र कितीतरी घरांत आहे. या वयाला दिवसाला अर्धा लिटरच्या वर दूध नको, आमच्याकडे तर त्याहून कमी केलं. जास्त दुधाने लोह कमी पडतं ते वेगळंच, आणि लोह कमी झालं की भूक अजून मरते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, २०१९-२१ च्या, महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या ६८.९ टक्के मुलांना ॲनिमिया निघाला होता. म्हणजे दहातली जवळपास सात. त्यामुळे मूल फिकट दिसत असेल, माती किंवा खडू खात असेल तर ताट घेत बसू नका, आधी रक्त तपासा. अंगणवाडीत आणि आशाताईंकडे पाच वर्षांखालच्या मुलांना आठवड्यातून दोनदा द्यायचं लोहाचं सिरप असतं, डॉक्टरांना विचारून ते जरूर घ्या.

दुसरं म्हणजे मधलं खाणं. जेवणाआधी दोन तास बिस्किट, चिप्स, केळं, काही नाही, फक्त पाणी. हे सगळ्यात जास्त आजोबांना सांगावं लागतं.

तिसरं मोबाईल. मोबाईलसमोर मूल जेवतं हे खरंय, वाटीच्या वाटी संपते, पण त्याला काय खाल्लं ते माहीतच नसतं, त्यामुळे चव ओळखीची होत नाही आणि पोट भरल्याचं पण कळत नाही. इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सचं म्हणणं दोन वर्षांखाली स्क्रीन नकोच आणि दोन ते पाचमध्ये दिवसाला तासापेक्षा जास्त नको, आणि जेवताना तर नाहीच नाही. आमच्याकडे मोबाईल बंद केल्यावर सुरुवातीला खरंच हाल झाले, अगदी दोन घास खाऊन उठायची. तो काळ काढावा लागतो.

आता तक्रारी.

झाकण एकदम टाकाऊ आहे. सिलिकॉनचं आहे म्हणून त्याला वास धरतो, हळदीने पिवळं पडलंय, आणि 'लीकप्रूफ' लिहिलंय पण आमटी सोडा, दह्याचं पाणी पण या कप्प्यातून त्या कप्प्यात जातं. शाळेचा डबा म्हणून याचा विचार करत असाल तर नका घेऊ. माझं झाकण आता कपाटात पडलंय.

एकेरी पत्र्याचं ताट आहे त्यामुळे गरम वरण वाढलं की कड चटका बसेल इतकी तापते. मोठ्यांना वाढायच्या पाच मिनिटं आधी तिचं वाढून ठेवायचं, हा एकच उपाय. डबल वॉलची ताटं मिळतात पण ती जड असतात आणि धुताना भिंतीत पाणी शिरतं असं मैत्रीण म्हणते.

बेस रोज काढून वेगळा धुवा आणि पालथा वाळवा. बेस आणि ताटाच्या मध्ये पाणी अडकतं आणि पावसाळ्यात तिथे काळे ठिपके येतात, बुरशी असते ती. आमच्याकडे भांडी घासणाऱ्या मावशींनीच हे पहिल्यांदा दाखवलं, नाहीतर वरून स्वच्छ दिसतं. कप्प्यांच्या कोपऱ्यात सुकलेला भात पण हट्टाने चिकटून बसतो, जेवण झाल्या झाल्या पाणी घालून ठेवलं तर निघतो.

आणि एवढे पैसे घालायचे नसतील तर, नाशिककरांनो, आपल्या भांडी बाजारात पावभाजीची प्लेट मागा, स्टीलची, कप्पेवाली. शंभर-दीडशेत मिळते. सक्शन नसतं, कडा थोड्या उतरत्या असतात आणि कप्पे मोठे असतात, पण खाली ओला नॅपकिन घडी करून ठेवला तर बऱ्यापैकी एका जागी राहते, आणि मोठ्या कप्प्यात छोटी वाटी ठेवली की नकोच्या कप्प्याचं काम होतं. ताट ढकलायची सवय नसलेल्या मुलाला हे पुरेसं आहे. माहेरी शहाबादी फरशीवर आम्ही तेच वापरतो.

कोणी घेऊ नये ते पण सांगते. मुलाचं वजन घटत असेल किंवा बरेच महिने जागचं हललं नसेल, घास गिळताना ठसका लागत असेल, घट्ट पदार्थ तोंडात घेतला की उलटी होत असेल, किंवा खाण्याचे पदार्थ कमी होत होत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उरले असतील, तर हा नुसता नखरा नाही, डॉक्टरांना दाखवा. बद्धकोष्ठता असेल तरी भूक मरते, ते बऱ्याचदा लक्षात येत नाही आणि औषधाने लवकर सुधारतं. आणि ताटात काय वाढता ते पण बघा, आख्खे शेंगदाणे, आख्खी द्राक्षं पाच वर्षांखालच्या मुलाला नको, शेंगदाण्याचं कूट चालेल, द्राक्षाचे उभे चार तुकडे करा.

तर सक्शन आणि सरळ कडेसाठी पूर्ण मार्क, कप्प्यांच्या आकारासाठी पूर्ण, झाकणाचा एक स्टार कापला. घ्यायचं असेल तर बिनझाकणाचं मिळतं का आधी बघा, शंभर-सव्वाशे रुपये वाचतात. आणि ऑनलाइन मागवताना फोटोत तळ दिसत नसेल तर विक्रेत्याला मेसेज करून शिक्क्याचा फोटो मागा, जो देत नाही त्याच्याकडून घेऊ नका.